कॅच कॅन बसवला आणि गाडी बिघडली? टर्बो उतरवण्याआधी हे तपासा

ऑइल कॅच कॅन, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या वायूतलं ऑइल अडवून धरणारा छोटा डबा, बसवल्यावर महिन्या-दोन महिन्यांत तक्रार घेऊन येणाऱ्या टर्बो गाड्या मी नेहमी बघतो. पावसाळ्यात तर त्यांची रांगच लागते. बहुतेक मालकांना तोपर्यंत कुणीतरी "टर्बो गेलाय" असं सांगून घाबरवलेलं असतं. तपासायला घेतलं की टर्बो ठणठणीत निघतो. दोष असतो एखाद्या ढिल्या क्लॅम्पमध्ये, मऊ पडलेल्या पाइपमध्ये, नाहीतर कॅनच्या डोक्यावरच्या इवल्याशा फिल्टरमध्ये. मी ज्या क्रमाने तपासतो तो क्रम खाली दिलाय. फुकट होणारं काम आधी, खर्चाचं नंतर.

लक्षणं

यातली एक-दोन जरी जुळत असतील तरी पुढे वाचा.

- सिग्नलला उभं असताना आयडलिंग वर-खाली होतं, किंवा एकदम चढून तिथेच राहतं
- बॉनेटखालून बारीक शिट्टी किंवा फुसफुस ऐकू येते
- चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी ०१७१ (मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी), पी ०३०० (मिसफायर) किंवा पी ०५०७ (आयडलिंग जास्त) असे कोड दिसतात
- एसी बाहेरची हवा घेत असला की केबिनमध्ये जळक्या ऑइलचा वास येतो
- ऑइल भरायच्या झाकणाखाली फेसाळ कॉफीसारखा थर धरतो
- कॅन कोरडा असतो, पण इंटरकूलरचे (टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीचे) पाइप आतून ओले असतात
- कॅन बघता बघता भरतो
- डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) आपोआप वर सरकते, व्हॉल्व कव्हरच्या कडेने किंवा क्रँक सीलपाशी ऑइल झिरपतं
- रेस दिल्यावर, किंवा उतारावर पाय काढून पुन्हा दाबल्यावर निळसर धूर येतो

आधी एवढं ठरवा: हवा गळतेय की कोंडतेय?

इंजिन कितीही नवं असलं तरी पिस्टन रिंगांच्या बाजूने थोडा वायू खाली चेंबरमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या ऑइलच्या पोकळीत उतरतोच. यालाच ब्लो-बाय म्हणतात. त्यात ऑइलची वाफ असते, न जळलेलं पेट्रोल असतं आणि पाणीही असतं. हा वायू साचू न देता पुन्हा इनटेकमध्ये (इंजिन हवा घेतं त्या वाटेत) ओढून जाळायचा, हे ब्रीदर (हा वायू बाहेर काढणारी नळी) आणि पीसीव्ही व्हॉल्व (ती वाट सांभाळणारी झडप) यांचं काम.

टर्बो पेट्रोल इंजिनात या वायूला सहसा दोन वाटा असतात. आयडलिंगला आणि हलक्या पायाने चालवताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये ओढ असते, तेव्हा वायू पीसीव्हीमधून थेट मॅनिफोल्डमध्ये जातो. पाय दाबला, बूस्ट (टर्बोने दाबून भरलेली हवा) आला, की त्याच मॅनिफोल्डमध्ये दाब तयार होतो. मग पीसीव्हीची एकदिशा झडप बंद व्हायला हवी आणि वायूने दुसऱ्या वाटेने, म्हणजे एअर फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या पाइपात जायला हवं. डिझेलमध्ये ही दुसरी वाटच मुख्य.

कॅच कॅन यापैकी कुठल्या तरी वाटेत मध्ये बसतो. त्यामुळे बहुतेक बिघाड दोन प्रकारचे होतात: एक तर त्या वाटेत बाहेरची हवा शिरते, नाहीतर वाट अरुंद होऊन इंजिनाचा श्वास कोंडतो. चढलेलं आयडलिंग, शिट्टी आणि पी ०१७१ ही गळतीची खूण. वर आलेली डिपस्टिक, सीलमधून ऑइल आणि निळा धूर ही कोंडण्याची खूण. कुकरची शिट्टी अडकली की वाफ रिंगच्या कडेने बाहेर येते, तसंच हे. तिथे नवी रिंग टाकून उपयोग नसतो, आधी शिट्टी मोकळी करावी लागते.

पहिली तपासणी: कॅन रिकामा करा आणि ऑइलची पातळी बघा

खर्च शून्य. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. आधी डिपस्टिक बघा. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर कॅन भरणारच, त्यात कॅनचा दोष नाही. सर्व्हिसला अर्धा लिटर जास्त ओतून दिलेल्या गाड्या सर्रास दिसतात. जादा ऑइल काढा आणि मगच पुढचा विचार करा. पातळी आपोआप वाढत असेल आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) गाड्यांत हे होतं. तिथे ऑइल लवकर बदलणं हाच उपाय.

मग कॅन काचेच्या बरणीत रिकामा करा. बरणीच हवी, कारण आत काय आहे ते बघायचंय. थोडा वेळ स्थिर ठेवली की थर वेगळे होतात: खाली गढूळ पाणी, वर काळपट ऑइल, मध्ये पिवळट-पांढरी साय.

मुंबईत ही साय बघून लोक घाबरतात आणि थेट हेड गॅस्केटचा (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा) खर्च ऐकून येतात. जरा हिशेब बघा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं, थोडं रिंगांच्या बाजूने चेंबरमध्ये येतं. दादरहून परळ, पार्ल्याहून अंधेरी अशी गाडी चालली तर डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मधोमध येतो, पण ऑइल अजून पुरतं तापलेलं नसतं. त्यामुळे चेंबरमधलं पाणी उडत नाही. वर जून ते सप्टेंबरची दमट हवा. अशा गाडीच्या कॅनमध्ये साय येणं स्वाभाविक आहे. उलट, हे पाणी कॅनमध्ये अडलं म्हणजे कॅन काम करतोय.

काळजी कधी करायची? कूलंटची पातळी खाली जात असेल, डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ झालं असेल, किंवा गाडी पनवेलपर्यंत नीट तापवून आणल्यावरही झाकणाखाली साय तशीच असेल तर. तेव्हा गाडी चालवणं थांबवा आणि कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट करून घ्या. ऑइल कूलर किंवा हेड गॅस्केटमधून कूलंट ऑइलमध्ये जात असेल तर बेअरिंगं खराब व्हायला फार वेळ लागत नाही.

कॅनमधलं ऑइल परत इंजिनात ओतू नका. त्यात पाणी, पेट्रोल आणि आम्ल असतं. गटारातही नको. जुनं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला द्या.

कॅन ओसंडेपर्यंत भरू देणं हे तर साफ टाळा. पूर्ण भरलेल्या कॅनमधून एका झटक्यात पातळ द्रव इनटेकमध्ये ओढला जातो आणि मग मिसफायर, धूर, काय हवं ते होतं. पावसाळ्यात टाकी भरायला जाल तेव्हा दर दोन-तीन वेळांनी कॅन बघा. उन्हाळ्यात अंतर वाढवलं तरी चालतं.

दुसरी तपासणी: मूळ पाइप परत लावून बघा

हीही फुकट, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. कॅन बाजूला करा, कंपनीचा मूळ पाइप होता तसा जोडा, चेक इंजिनचा कोड पुसा आणि दोन दिवस नेहमीच्या रस्त्याने गाडी चालवा. त्रास गेला तर दोष कॅनच्या जोडणीत. त्रास तसाच राहिला तर कॅनच्या मागे लागू नका, थेट पीसीव्हीकडे वळा.

कॅन बसवणारे मूळ पाइप पुष्कळदा फेकून देतात. बसवून घेत असाल तर तो पाइप मागून घ्या आणि डिकीत ठेवा.

तिसरी तपासणी: कॅनच्या डोक्यावरचा छोटा फिल्टर

सगळ्यात जास्त गाड्या इथेच सुटतात. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त कॅनवर शोभेचा, मशरूमच्या आकाराचा फिल्टर येतो. तो मुळात वेगळ्या जोडणीसाठी आहे. तिथे कॅनमधली हवा परत इंजिनात जातच नाही, बाहेर सुटते. तुमच्या कॅनचा दुसरा पाइप इनटेकला परत जोडलेला असेल आणि वर हा फिल्टरही असेल, तर तुम्ही इनटेकला एक कायमचं भोक पाडलंय.

मॅनिफोल्डची ओढ त्या फिल्टरमधून हवा खेचते. एअर फिल्टरजवळच्या सेन्सरने हवा मोजणारी गाडी असेल तर ही हवा मोजलीच जात नाही. मिश्रण पातळ होतं, पी ०१७१ येतो. मॅनिफोल्डचा दाब मोजणारी गाडी असेल तर तिला ही जादा हवा दिसते, पण ती रोखता येत नाही, आणि आयडलिंग चढतं. एक लिटरची टर्बो पेट्रोल गाडी ठाण्याहून आली होती. थ्रॉटल बॉडी साफ करून झालेली, प्लग बदललेले, टर्बोचं कोटेशनही हातात. इंजिन चालू ठेवून त्या फिल्टरवर नुसता तळहात दाबून धरला आणि आयडलिंग खाली येऊन स्थिर झालं. फिल्टर काढून त्या जागी आटे जुळणारा बुच टेफ्लॉन टेप लावून बसवला. काम संपलं.

तुम्हीही तेच करून बघा: चालू इंजिनवर फिल्टर तळहाताने झाका. आवाज बदलला की उत्तर मिळालं. हात पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब ठेवा, बाही वर करा.

कॅन पूर्णपणे बाहेर सोडणारा ठेवायचा आणि इनटेकची नळी बुजवायची, हा पर्याय मला पटत नाही. ऑइलचा वास गाडीत येतो, चेंबरमधला ओलावा ओढून काढणारं कुणी उरत नाही आणि धूर रस्त्यावरच्या माणसाच्या नाकात जातो. अंधेरी सबवे किंवा हिंदमाताला पाणी तुंबलं असताना खाली बसवलेल्या अशा कॅनमध्ये ते पाणी शिरायचीही भीती.

चौथी तपासणी: क्लॅम्प, पाइप आणि त्यांचा रस्ता

प्रत्येक जोड हाताने फिरवून बघा. फिरला तर ढिला. मग साबणाचं पाणी ब्रशने जोडावर लावा. ओढ असलेल्या बाजूला बुडबुडे येत नाहीत. उलट पाणी आत खेचलं जातं आणि आयडलिंग क्षणभर सुधारतं. कार्बोरेटर क्लीनर किंवा पेट्रोल मारून गळती शोधायची जुनी सवय टर्बो गाडीवर वापरू नका. तापलेला एक्झॉस्ट शेजारीच असतो, भडका उडतो.

गळती कॅनच्या कुठल्या बाजूला आहे हे कळत नसेल तर कॅन आणि मॅनिफोल्ड यांच्यामधला पाइप फडकं गुंडाळलेल्या पकडीने दोन-चार सेकंद दाबा. आयडलिंग ताळ्यावर आलं तर हवा कॅनमधून किंवा त्याच्या अलीकडून शिरतेय.

पाइप दाबून बघा. लिबलिबीत, फुगलेला किंवा चिकट लागला तर तो ऑइलचा पाइप नाहीच. पाण्याचा नाहीतर पारदर्शक पीव्हीसीचा पाइप घालून दिलेला असतो. ऑइलच्या वाफेने तो मऊ पडतो आणि ओढ लागली की चपटा होतो. रंगीत सिलिकॉनचा पाइप दिसतो छान, पण साध्या सिलिकॉनमधून ऑइल हळूहळू पाझरतं. बाहेरून पाइप कायम घामेजलेला आणि वर धूळ. ऑइल झेलणारा नायट्राइल रबरचा पाइप घ्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मीटरच्या भावात मिळतो. जाताना मूळ पाइपचा तुकडा सोबत न्या.

आतला व्यास मूळ पाइपाइतकाच हवा. कॅनच्या तोट्या बारीक असतात म्हणून १९ मिमीच्या जागी १० मिमीचा पाइप लावला, तर वाट एक-चतुर्थांशाच्या आसपास उरते. पाय दाबला की ब्लो-बाय वाढतो आणि तेव्हाच वाट अपुरी पडते. टर्बोचं ऑइल नुसत्या उताराने चेंबरमध्ये परत येत असतं. चेंबरमध्ये दाब साठला की ते मागे अडतं आणि टर्बोच्या सीलमधून बाहेर पडतं. निळा धूर येतो. टर्बो बदलला तरी धूर परत येतो, कारण मूळ कारण जागच्या जागी असतं. खंडाळ्याच्या घाटात चढाला धूर आणि मुंबईत काहीच नाही, अशी तक्रार असेल तर आधी पाइपाचा व्यास मोजा.

पाइपाला मध्ये झोळ नको. झोळात पाणी आणि ऑइल साचतं आणि वाट बंद होते. इंजिनपासून कॅनकडे सतत उतार ठेवा. कॅन टर्बोपासून लांब, जिथे हवा लागते तिथे बसवा. गार कॅनमध्ये वाफ चांगली धरते. बंपरमागे फार खाली बसवलेल्या कॅनची ड्रेनची चावी स्पीडब्रेकरला घासून तुटलेली मी पाहिली आहे.

पाचवी तपासणी: कॅनच्या पोटात काय आहे

कॅन कोरडा आणि इंटरकूलरचे पाइप ओले, ही तक्रार असेल तर इथे या. झाकण उघडा. येणारी वाफ आधी जाळीवर किंवा पडद्यावर आपटली पाहिजे आणि मग बाहेरच्या तोटीकडे गेली पाहिजे. काही कॅनवर आत-बाहेरच्या खुणाच नसतात आणि पाइप उलटे लागतात. तसं झालं तर वाफ जाळीला न भेटताच पुढे जाते, किंवा साठलेलं ऑइल ओढलं जातं. पाइप अदलाबदल करा.

आत काहीच नसेल, नुसता पोकळ डबा असेल, तर तो कॅन बदला. आत भांडी घासायच्या तारेचा गोळा कोंबलेला असेल तर आजच काढून टाका. त्याचे बारीक तुकडे सुटतात आणि थेट टर्बोच्या पंख्याकडे जातात. तो पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. तिथे तारेचा तुकडाही खूप झाला. घट्ट बसवलेली स्टीलची जाळी किंवा भोकांची पट्टी असलेला कॅन घ्या.

सहावी तपासणी: पीसीव्ही आणि एकदिशा झडप

इथून थोडं जपून. इंजिन गरम करा, आयडलिंगवर ऑइल भरायचं झाकण काढा आणि त्या तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी ठेवा. पिशवी हलकी आत ओढली गेली तर ठीक. झाकण उघडताना जोर लावावा लागला, पिशवी फाटेल इतकी आत गेली आणि शिट्टी थांबली, तर पीसीव्हीचा रबरी पडदा फाटलाय. पिशवी बाहेर फुगत असेल तर वाट कोंडलीय किंवा ब्लो-बाय जास्त आहे. झाकण काढल्यावर काही इंजिनं जरा लडखडतात, तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.

मॅनिफोल्डच्या बाजूचा पाइप कॅनला जोडताना मूळ एकदिशा झडप वगळली गेली असेल तर बूस्ट थेट कॅनमध्ये आणि तिथून चेंबरमध्ये घुसतो. डिपस्टिक उडते ती यानेच. झडप सुटी असेल तर काढून दोन्हीकडून फुंकून बघा. इंजिनकडून मॅनिफोल्डकडे हवा गेली पाहिजे, उलटी अजिबात नाही. बऱ्याच नव्या इंजिनांत मात्र हे सगळं व्हॉल्व कव्हरमध्ये किंवा एकाच सेपरेटर युनिटमध्ये असतं. तिथे पूर्ण भागच बदलावा लागतो. उघडून चिकटवायचा उद्योग टिकत नाही.

इथे थांबा, गाडी जाणकाराकडे न्या

ऑइल प्रेशरचा दिवा लागला तर तिथेच इंजिन बंद करा आणि गाडी टो करा. डिपस्टिक नीट बसवूनही पुन्हा वर येत असेल, सगळे पाइप ठीक असून निळा धूर कायम असेल, कूलंट कमी होत असेल, किंवा कॅनमध्ये साय नाही तर निव्वळ ऑइलच भराभर साठत असेल, तर घरच्या पान्यांचं काम संपलं. अशा वेळी गॅरेजमध्ये स्पष्ट सांगा: आधी चेंबरचा दाब मोजा, मग कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडर दाब किती धरतो आणि हवा कुठून गळते ते बघणाऱ्या चाचण्या) करा, टर्बोला हात त्यानंतर. रिंगा झिजल्या असतील तर ते याच चाचण्यांत दिसतं आणि टर्बोचा खर्च वाचतो. टर्बोच्या शाफ्टचा खेळ तपासणं, डायरेक्ट इंजेक्शनच्या हाय-प्रेशर लाइन सोडणं आणि इनटेक व्हॉल्ववरचा कार्बन काढणं ही कामं अनुभवी माणसाचीच. टीएसआय किंवा टी-जीडीआय अशा डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, व्हॉल्व धुतले जात नाहीत. म्हणून कॅनचा फायदा तिथे जास्त, पण धरलेला कार्बन कॅन काढू शकत नाही.

डिझेलवाल्यांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. टर्बोचं सील गेलं किंवा कॅन ओसंडला आणि ऑइल इनटेकमध्ये गेलं, तर इंजिन तेच ऑइल जाळून आपोआप रेस होतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडा, म्हणजे इंजिन बंद पडेल. ते जमलं नाही तर माणसं लांब करा, बॉनेटमध्ये डोकं घालू नका. नंतर ती गाडी पुन्हा स्टार्ट करून बघू नका, टो करूनच न्या.

वॉरंटीतल्या गाडीला कॅन बसवण्याआधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्या. इंजिनचा क्लेम नाकारायला त्यांना कारण मिळतं. वरच्या सहा तपासण्यांनंतर कॅन परत बसवाल तेव्हा फिल्टरच्या जागी बुच, योग्य व्यासाचा पाइप आणि नवे क्लॅम्प लावा. पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प पुन्हा एकदा कसा. नवं रबर तापून दबतं आणि पहिली गळती तिथूनच सुरू होते.